शिशाच्या पट्ट्या

रेसच्या घोड्याच्या खोगिराखाली एक कापड असतं. त्या कापडाला दोन्ही बाजूंनी खिसे असतात आणि खिशांत शिशाच्या चपट्या पट्ट्या सरकवलेल्या असतात. रेसच्या आधी जॉकी खोगीर मांडीवर घेऊन काट्यावर बसतो. घोड्याला ठरवून दिलेलं वजन ५५.५ किलो असेल आणि जॉकी खोगिरासकट ५३ च भरला, तर उरलेलं अडीच किलो शिसं. रेस संपली की पुढे आलेले जॉकी घामेजलेल्या अंगाने पुन्हा त्याच काट्यावर बसतात. वजन कमी भरलं तर जिंकलेला घोडाही बाद.

घोड्यांच्या शर्यतींबद्दल आपल्याकडे बोललं जातं ते पैशाबद्दल, नादाबद्दल, डर्बीच्या दिवशी येणाऱ्या नटनट्यांबद्दल. या शिशाबद्दल कोणी बोलत नाही. मला मात्र वर्षानुवर्षं ही शर्यत पाहताना वाटत आलं आहे की खेळाचा सगळा प्रामाणिकपणा त्या पट्ट्यांमध्ये आहे. चांगल्या घोड्याला मुद्दाम जड करायचं आणि कमकुवत घोड्याला हलकं ठेवायचं, म्हणजे शेवटच्या खांबापाशी सगळ्यांना सारखी संधी. याला हँडिकॅप म्हणतात. प्रत्येक घोड्याला त्याच्या आधीच्या कामगिरीवरून एक आकडा मिळतो, रेटिंग. आपल्याकडे रेटिंगचा एक गुण म्हणजे अर्धा किलो. ६६ रेटिंगचा घोडा ४६ रेटिंगच्या घोड्याबरोबर पळला, तर तो दहा किलो जास्त घेऊन पळतो. जिंकला की आकडा चढतो आणि पुढच्या वेळी ओझं वाढतं. हरत राहिला की आकडा उतरतो, ओझंही उतरतं. या आकड्यांवरूनच वर्ग पडतात, पहिल्यापासून पाचव्यापर्यंत. उमदे घोडे वर आणि ज्यांच्याकडून फार आशा नाही ते पाचव्यात.

ही रचना मला फार आवडते, कारण दुबळ्याला मैदानात उभं राहायला जागा करून देणारे खेळ थोडे आहेत. कुस्तीत वजनगट असतात, पण जिंकणाऱ्या मल्लाच्या पाठीवर पुढच्या कुस्तीत कोणी धोंडा बांधत नाही. इथे बांधतात. मात्र हे सगळं एका गृहीतावर उभं आहे. प्रत्येक मालक, प्रत्येक ट्रेनर, प्रत्येक जॉकी आज जिंकायलाच उतरला आहे, हे ते गृहीत. ते ढळलं की हँडिकॅपसारखी फसवी गोष्ट नाही. कारण आज मुद्दाम मागे राहिलेल्या घोड्याला हीच रचना उद्या हलकं वजन बक्षीस देते.

नाशिकला रेसकोर्स नाही. आमच्या गावात घोडा भेटतो तो वरातीत, भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर, नाहीतर जुन्या माणसांच्या बोलण्यात. स्टेशनापासून गावापर्यंत एकेकाळी घोडे ट्राम ओढायचे, नंतर बराच काळ टांगे होते. लहानपणी पंचवटीत यात्रेकरूंना उतरवून उभे राहिलेले टांगे मी पाहिलेत. घोड्याच्या तोंडाला तोबरा बांधलेला असायचा आणि टांगेवाला खाली बसून त्याच्या पायाची नाल तपासत असायचा. माझं घोड्याचं वेड मात्र नाशिकचं नाही, येवल्याचं आहे. माझा मामा येवल्याचा. येवल्याला पैठणीने नाव दिलं, पण दसऱ्याच्या सुमाराचा तिथला घोडेबाजार ज्याने पाहिलाय त्याला ते गाव घोड्याचं वाटतं. मामा मला बाजारात घेऊन जायचा. घोड्याचा ओठ अंगठ्याने वर करून दात कसे बघायचे, कपाळावरचा आणि मानेखालचा भोवरा कुठे असावा, पाठीवर हात न ठेवता नुसतं चालवून पुढचा पाय दुखतो का ते कसं ओळखायचं, हे त्याने मला तिथे शिकवलं. रवाल चालीवर निघालेला घोडा पाहिला की तो बोलणं अर्धवट सोडायचा.

मामा मुंबईत गिरणीत होता. लोअर परळपासून महालक्ष्मीचा रेसकोर्स पायी जाण्याजोगा. १९८२ चा संप झाला, गिरणी गेली, मामा येवल्याला परतला. पण रेसचं वाचन सुटलं नाही. पुढे मी कमावता झाल्यावर हिवाळ्यात अधूनमधून आम्ही दोघं पंचवटी एक्स्प्रेसने दादरला उतरायचो, तिथून लोकलने महालक्ष्मी. संध्याकाळची पंचवटी गाठायची म्हणून शेवटच्या रेस सोडून धावत निघायचो. मामा पैसे लावायचा, पण चहा-भजीला लागतील इतके. त्याचं खरं खाणं रेसबुक. घोड्याचं वय, आई, बाप, मागच्या चार-पाच धावा, वजन, कोणत्या अंतरावर, कोणता जॉकी. पॅडॉकमध्ये, म्हणजे रेसआधी घोडे दाखवतात त्या आवारात, घोडा सांभाळणारा सईस त्याला गोल फिरवत असला की मामा कठड्याला टेकून नुसता बघत राहायचा. मांड्यांच्या आतल्या बाजूला फेस दिसला तर म्हणायचा, हा इथेच पळून आला, आता काय पळणार.

मी एकदा त्याला विचारलं, डर्बीला का येत नाहीस? तो म्हणाला, "डर्बी काय, पेपरात येतीच. तू पाचव्या क्लासची रेस बघ. घर चालतंय का नाही ते ओसरीवर कळत नाही, चुलीपाशी कळतं."

तेव्हा मला ते नीट उमगलं नव्हतं. आता पटतं. डर्बीत हँडिकॅप नसतो. सगळे चार वर्षांचे, वजनं सारखी, फिलीला, म्हणजे तरुण घोडीला, थोडी सूट, अंतर २४०० मीटर. देशातला सर्वांत चांगला घोडा कोणता हे ठरवायची ती रेस. १९४३ साली पहिली इंडियन डर्बी बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्यूटिफुलने जिंकली, तेव्हापासून तिचा दिमाख टिकून आहे आणि यापुढेही टिकेल. घोड्यांची पैदास करणाऱ्या मोठ्या स्टड फार्मचे, मोठ्या मालकांचे घोडे तिथे येतच राहणार. पण एका मोसमातल्या शेकडो रेसमध्ये अशा रेस मूठभर. बाकी सगळं घर चालतं ते तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या वर्गावर. जो घोडा डर्बीचा नाही हे तिसऱ्या वर्षीच कळलेलं असतं, त्याचा मालक त्याला ठेवतो कशासाठी? या वर्गांत कधीतरी एखादी रेस मिळेल आणि चाऱ्याचा, ट्रेनरचा, नालबंदाचा, डॉक्टरचा थोडा तरी खर्च निघेल, या आशेवर. ती आशा गेली की घोडा विकला जातो. त्या घोड्याबरोबर पैदाशीच्या घोडीची किंमत पडते, लहान स्टड फार्म बंद होतं आणि सईसाची नोकरी जाते.

ही आशा ज्या पैशातून येते तो पैसा येतो टोटवरून, म्हणजे रेस भरवणाऱ्या क्लबच्या पैसे लावायच्या खिडकीवरून. टोटचा हिशोब साधा आहे. लोकांनी लावलेले सगळे पैसे एका ठिकाणी जमतात. त्यातून क्लबचं कमिशन आणि कर वजा होतो आणि उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटलं जातं. क्लबच्या कमिशनमधून मैदान, कर्मचारी आणि मुख्य म्हणजे बक्षिसं. म्हणजे पाचव्या वर्गातल्या मालकाला मिळणारं बक्षीस हे समोर कठड्याला टेकलेल्या माणसाच्या खिशातून आलेलं असतं. गेली काही वर्षं नेमकी हीच वाट आटत चालली आहे.

जीएसटी आला २०१७ साली. घोड्यांच्या शर्यतीवर २८ टक्के, आणि तोही क्लबच्या कमिशनवर नाही, तर लावलेल्या पूर्ण रकमेवर. २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने क्लबांच्या बाजूने कौल दिला होता, की टोट चालवणाऱ्याकडून त्याच्या कमिशनपुरताच कर घ्यावा. पण १ ऑक्टोबर २०२३ पासून कायद्यात बदल होऊन पूर्ण रकमेवरचा कर पक्का झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के. शंभर रुपये लावणाऱ्या माणसाने हा खेळ का खेळावा? तो खेळायचं थांबतो असं नाही. तो फोनवर बुकी गाठतो. त्या बुकीला ना कर भरायचा असतो, ना घोडा पाळायचा असतो, ना मैदानाचं गवत कापायचं असतं. तो चांगला भाव देतो, म्हणजे जिंकल्यावर जास्त पैसे, आणि त्याच्याकडे गेलेल्या रुपयातला एक पैसाही तबेल्यापर्यंत पोचत नाही. सरकारच्या हाती तरी काय लागतं? कराचा दर वाढला आणि कर ज्यावर लावायचा ती रक्कमच पळून गेली.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच सांगितलं आहे की घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, नशिबाचा जुगार नव्हे. करआकारणीच्या यादीत मात्र ती कॅसिनो आणि लॉटरीच्या ओळीत बसली आहे. हे मला मनापासून अन्यायाचं वाटतं. रूलेटच्या चाकाला आईबाप नसतात, त्याला रोज पहाटे फिरवायला कोणी उठत नाही.

जगात यावर उपाय सापडलेला नाही असं नाही. हाँगकाँगमध्येही पूर्वी कर एकूण लावलेल्या रकमेवर होता आणि पैसा बेकायदा बुकींकडे वाहत होता. २००६ साली त्यांनी कराचा पायाच बदलला. लोकांना वाटलेली रक्कम वजा करून जे उरतं, त्यावर कर. दर हलका नाही, ७२.५ ते ७५ टक्के आहे. तरीही खेळ सावरला, कारण क्लबला लोकांना चांगला भाव देता येऊ लागला. तिथल्या बहुतेक सगळ्या रेस हँडिकॅपच्या, वर्ग पहिल्यापासून पाचव्यापर्यंत, अगदी आपल्यासारख्या. पण तिथे खालच्या वर्गातला घोडाही मालकाला परवडतो.

बक्षीस घटलं की आधी काय होतं ते आकड्यांत दिसत नाही. लहान मालक पुढचा घोडा घेत नाही, इतकंच. चौघा-पाच जणांनी मिळून एक घोडा ठेवलेला असतो, त्यातला एक जण हळूच बाजूला होतो. मग एका रेसमध्ये बारा घोड्यांऐवजी सात उतरतात, मग सहा. त्या सहांतले तीन एकाच ट्रेनरच्या तबेल्यातले. आता हँडिकॅपर वजनं कितीही बारकाईने वाटो, त्या रेसमध्ये चुरस कुठून आणायची? लावणाऱ्यालाही सहा घोड्यांत गंमत वाटत नाही, तो आणखी दूर जातो, टोट आणखी आटतं. वरच्या काही तबेल्यांकडे चांगली पैदास, चांगले जॉकी, चांगले डॉक्टर. त्यांचा दोष नाही, ते मेहनतीने तिथे पोचलेत. पण समोर उभं राहायला कोणी उरलं नाही तर त्यांच्या जिंकण्यालाही अर्थ उरत नाही.

आणि मग ते शिसं. मैदानावर कठड्याशी एक वाक्य कायम कानावर पडतं, "घोडा खेचला." म्हणजे जॉकीने आज लगाम आवळून धरला, घोड्याला मोकळं सोडलं नाही. पाच-सहा धावा असा मागे ठेवायचा, रेटिंग उतरवायचं आणि एके दिवशी हलक्या वजनावर, मोठ्या भावावर सोडायचा. हा आरोप दर वेळी खरा नसतो. हरलेल्या माणसाला प्रत्येक घोडा खेचलेलाच दिसतो. रेसवर देखरेख ठेवणारे स्टुअर्ड असतात, कॅमेरे असतात, जॉकींवर बंदी येते, दंड होतात. पण मोहाचं गणित साधं आहे. रेस जिंकून मिळणारं बक्षीस आणि रेस न जिंकून, नंतर बेटिंगमध्ये मिळणारे पैसे, या दोन रकमांची ती तुलना आहे. बक्षीस भरघोस असेल तर प्रत्येक वेळी जिंकणंच परवडतं. बक्षीस महिन्याच्या खर्चालाही पुरणार नसेल, तर चांगल्या माणसालाही वाकडी वाट दिसू लागते. स्टुअर्डनी कितीही डोळ्यांत तेल घालून पाहिलं तरी हे गणित त्यांना बदलता येत नाही. म्हणून मी म्हणतो की घटलेली बक्षिसं ही नुसती मालकांची अडचण नाही. हँडिकॅप ज्या विश्वासावर उभा आहे तो विश्वास बक्षिसाच्या रकमेने विकत घेतलेला असतो.

आमच्या जिल्ह्यातल्या जत्रांकडे पाहिलं की मला हेच दुसऱ्या अंगाने दिसतं. बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली बंदी आली, १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. त्यानंतर शर्यती जोमाने सुरू झाल्या, याचा मला आनंद आहे. तिथेही आदत, दुसा, चौसा असे दातांवरून गट पडतात, म्हणजे कोवळ्या खोंडाला जाणत्या बैलाशी झुंजावं लागू नये ही समज आपल्या शेतकऱ्याला कोणी बाहेरून शिकवलेली नाही. पण बक्षिसात आता मोटारसायकल, ट्रॅक्टर, चारचाकी आली आणि सगळं पहिल्या नंबराकडे गोळा झालं. नावाजलेल्या बैलाची किंमत लाखांच्या पुढे गेली. घरच्या गोठ्यातलं खोंड घेऊन येणारा गडी गटातच बाहेर पडतो आणि दोन-तीन जत्रा झाल्या की कडेला उभा राहून मोबाइलवर शूटिंग करतो. शर्यत गर्दीने भरलेली दिसते, पळणारे कमी होत जातात.

रेसच्या बाजूने इतकं लिहिताना मला आमच्या गल्लीतलं एक घर आठवतं, ते लपवणार नाही. त्या घरातल्या कर्त्या माणसाला रेसचा नाद होता. तो मैदानावर कधी गेला नव्हता, त्याला घोड्याचा रंगही ओळखता आला नसता. फोन, चिठ्ठी, आकडा. बायकोचे दागिने गेले, मुलीचं शिक्षण थांबलं. रेस म्हटलं की नाशिकच्या मध्यमवर्गीय घरात कपाळाला आठी पडते ती अशा घरांमुळे, आणि ती आठी खोटी नाही. पण त्या माणसाने घालवलेला पैसा टोटवर गेला नव्हता. तो चोरट्या बुकीकडे उधारीवर गेला होता. टोटवर उधारी नसते, खिशात असेल तेवढंच लावता येतं. करामुळे कायदेशीर खिडकी ओस पडली आणि माणसं चोरदरवाजाकडे गेली, तर अशी घरं वाढतील. नादावर इलाज म्हणून हा कर कोणी सांगत असेल तर त्याने त्या गल्लीत येऊन बसावं.

जागेचाही प्रश्न आहे. भायखळ्याहून महालक्ष्मीला रेस आली १८८३ साली. तिथल्या जागेचा भाडेकरार २०१३ मध्ये संपला, लांबत लांबत २०२४ मध्ये निकालात निघाला. १२० एकरांवर शहरासाठी उद्यान, ९१ एकर क्लबकडे २०५३ पर्यंत. मुंबईला मोकळी जागा हवीच, मला यात वावगं वाटत नाही. उटीच्या रेसकोर्सची जमीन २०२४ मध्येच तामिळनाडू सरकारने परत घेतली. त्याच वर्षी मार्चमध्ये मकावची शेवटची रेस झाली आणि ऑक्टोबरमध्ये सिंगापूरची, जिथे १८४२ पासून क्लब होता. सिंगापूरच्या जमिनीवर आता घरं होणार. हे वाचून मला फार वाईट वाटलं होतं, पण जमीन नेहमी शेवटी जाते. त्याआधी बराच काळ मैदानावर येणारी माणसं कमी झालेली असतात.

आणि घोडे? थरोब्रेड, म्हणजे रेसच्या जातीचा घोडा, दोन वर्षांचा असताना पळू लागतो, सहा-सात वर्षांचा होईतो बहुतेकांचं करिअर संपतं. घोड्याचं आयुष्य पंचवीस वर्षांचं. चांगली घोडी पैदाशीला जाते, एखादा देखणा घोडा रायडिंग स्कूलला, बाकीच्यांची वाट खडतर. वरातीला तो कामाचा नाही, बॅंडच्या आवाजाने बिथरतो. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्याही २०१५ मध्ये उच्च न्यायालयाच्या निकालानंतर थांबल्या. ज्या खेळात पैसाच कमी, त्या खेळात निवृत्त घोड्यासाठी पैसा सर्वांत आधी कापला जातो. महालक्ष्मीच्या एका म्हाताऱ्या सईसाने मामाला सांगितलेलं मी ऐकलं होतं. त्याने सांभाळलेला घोडा विकला गेला तेव्हा त्याने नव्या माणसाला एकच गोष्ट बजावली होती, की खरारा करताना डाव्या पोटाला हळू हात लाव, त्याला गुदगुल्या होतात. तो नवा माणूस घोडा कुठे घेऊन गेला हे त्याला पुढे कधी कळलं नाही.

कराचा पाया बदलणं दिल्लीच्या हातात आहे, त्याला वेळ लागेल, आणि ते झालंच पाहिजे. पण काही गोष्टी क्लबांच्या हातात आजही आहेत. बक्षिसांचा ओघ वर जास्त आणि खाली कमी, ही सवय मोडता येईल. मोठ्या रेसची रक्कम काही वर्षं तशीच ठेवली म्हणून ती रेस जिंकायला यायचं कोणी थांबणार नाही. डर्बीच्या कपाला पैशापलीकडची किंमत आहे. तो वाचलेला पैसा चौथ्या आणि पाचव्या वर्गात घाला, आणि तिथेही सगळा पहिल्याला देऊ नका. सहाव्या क्रमांकापर्यंत पोचू द्या, निदान त्या महिन्याचा चारा आणि सईसाचा पगार निघेल इतका. म्हणजे पाचवा-सहावा चाललेल्या जॉकीलाही शेवटच्या दोनशे मीटरमध्ये घोडा मोकळा सोडायचं कारण राहील.